तिच्या वतीने

गुरुवार, ९ जानेवारी २०२५

अनसूयाच्या डाव्या किडनीत गाठ आहे. सात सेंटिमीटर.

लिहिल्यावर खरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटत.

सोनोग्राफी पित्ताशयासाठी होती. दिवाळीपासून जेवल्यावर पोट फुगतं म्हणत होती, मीच मागे लागलो की एकदा बघून घेऊ. तपासणारी डॉक्टर मुलगी बोलकी होती. तिच्या आजीचं खातं देवळाली कॅम्पच्या पोस्टात आहे, म्हणजे अनसूयाच्याच काउंटरवर, यावरून दोघींच्या गप्पा चालल्या होत्या. मग मुलगी एकदम गप्प झाली. डाव्या बाजूला तिने यंत्र फिरवलं, पुन्हा फिरवलं, पुन्हा. पडद्यावरचं मला काही कळत नाही. पण चौतीस वर्षं मी ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी विभागात काढली आहेत. माणूस एकाच जागी तिसऱ्यांदा मोजतो तेव्हा काय झालेलं असतं ते मला कळतं.

पित्ताशय स्वच्छ निघालं.

संध्याकाळी किडनीचे सर्जन डॉ. केंगे यांना दाखवलं. त्यांनी लगेच सीटी स्कॅन सांगितला. अनसूयाने एकच प्रश्न विचारला, "तेव्हाही उपाशीपोटीच यायचं का?" डॉक्टर हसले, मीही हसलो. खुर्चीची पाठ धरून उभा राहिलो. ती पर्स उचलून म्हणाली, "चला. गाडी नो पार्किंगमध्ये लावलीय तुम्ही."

ताप नाही, दुखणं नाही, लघवीला रक्त नाही. काल गिरणीतून दहा किलो पीठ घेऊन ती तीन मजले चढली. मी मागे, तिची पर्स घेऊन.

सोसायटीने दिलेली ही डायरी कोरी पडली होती. आभाला अजून कळवलेलं नाही. पुण्यात तिच्या नोकरीचं पहिलंच वर्ष आहे. कुणाला तरी सांगायला हवं होतं, म्हणून इथे.

शनिवार, ११ जानेवारी

कॅन्सर आहे.

अनसूया रक्त द्यायला गेली होती, तेवढ्यात डॉक्टरांनी मला आत बोलावून सांगितलं. सीटीवरून जवळजवळ नक्की आहे, पूर्ण किडनी काढावी लागेल. या प्रकारात नेहमीची केमो चालत नाही. गाठ बाहेर पसरलेली दिसत नाही, तेव्हा ऑपरेशन हाच उपचार, नंतर वर्षानुवर्षं तपासण्या.

मी म्हटलं, "डॉक्टर, तिला हा शब्द सांगू नका."

"त्या पोस्टात काउंटरवर बसतात. लहान मूल नाहीत."

"तिची आई गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली. शेवटचे आठ महिने अनसूयाने एकटीने केलं तिचं. हा शब्द ऐकला की ती खचेल. मी ओळखतो तिला."

डॉक्टरांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, "मी आपणहून काही बोलणार नाही. पण त्यांनी सरळ विचारलं तर खोटंही बोलणार नाही."

मी खाली फाइल करायला गेलो. पाऊण तास मोडला. वर आलो तेव्हा अनसूया डॉक्टरांच्या केबिनमधून बाहेर येत होती. दंडावर कापूस धरलेला. "बाथरूम कुठे आहे ते विचारत होते मी," म्हणाली.

गाडीत मी सांगितलं, "साधी गाठ आहे. किडनीसकट काढून टाकतील. की संपलं."

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "बरं. तुम्ही म्हणता तसं."

तिने जास्त विचारलं नाही, हे फार बरं झालं.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. शेजारणी तिळगूळ द्यायला आल्या. सगळ्यांना मुतखड्याचं ऑपरेशन सांगायचं असं मी ठरवलंय. अनसूयाने ते इतकं बेमालूम सांगितलं की क्षणभर मलाच खरं वाटलं. "एवढा मोठा खडा," असं बोटांनी दाखवलंसुद्धा.

मंगळवार, २१ जानेवारी

ऑपरेशन झालं. साडेतीन तास.

मधेच ऑपरेशन थिएटरचं दार उघडलं आणि नर्सने माझं नाव पुकारलं. मला वाटलं, संपलं सगळं. तिने मला आतल्या पॅसेजमध्ये नेलं. डॉक्टर हिरव्या कपड्यांत उभे होते, हातात स्टीलचा ट्रे. "नातेवाइकांना दाखवतो आम्ही," म्हणाले. ट्रेमध्ये किडनी होती. तिची. एका बाजूला पिवळट फुगवटा.

मी मान हलवली. जणू मालाची तपासणी करून पास करतोय. बाहेर येऊन बाकावर बसलो. शेजारच्या कुणाच्या तरी नातेवाईक बाईने न विचारता माझ्या हातात पाण्याची बाटली दिली.

अनसूया शुद्धीवर आली तेव्हा पहिला शब्द "आभा" होता. आभा कालच आलीय.

गुरुवार, ३० जानेवारी

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला. कॅन्सरच, ग्रेड तीन. कडा स्वच्छ आहेत, म्हणजे जेवढं दिसत होतं तेवढं सगळं निघालं. डॉक्टर म्हणाले, परत उद्भवण्याचा धोका मध्यम ते जास्त. मी म्हटलं, जास्त म्हणजे किती? ते म्हणाले, "आकडा ऐकून काय कराल?" एवढं बोलून त्यांनी पुढच्या तारखा लिहून दिल्या.

रिपोर्ट गाडीच्या डिकीत, स्टेपनीखाली ठेवलाय.

आभाला जिन्यात सगळं सांगितलं. ती रडली नाही, चिडली. "बाबा, आईला माहीत नाही असं तुला खरंच वाटतं?"

"नाहीच माहीत. आणि तूही बोलायचं नाहीस. शपथ घे."

शपथ घेतली नाही. पण बोलणार नाही म्हणाली.

रविवार, १६ फेब्रुवारी

भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली आहे. प्रत्येकाच्या ओळखीत एक किडनीवर नव्वदीपर्यंत जगलेला माणूस आहे. "केमो नाही, केस गेले नाहीत, सुटलात वहिनी!" असं माझा चुलतभाऊ नवनाथ म्हणाला. त्याला मी खरं सांगितलंय. नेमका तिच्यासमोर 'केमो' म्हणाला! अनसूया शांतपणे म्हणाली, "मुतखड्याला कसली केमो, भाऊजी? चहा घ्या." नवनाथची जीभ पोळली. तिच्या काही लक्षात आलं नाही.

ती सगळ्यांना हसवते. माणसं गेली की उशीकडे तोंड करून झोपते. अशक्तपणा आहे अजून.

बुधवार, १९ मार्च

डॉक्टर म्हणाले, पुढच्या आठवड्यापासून ऑफिसला जायला हरकत नाही.

मी तिची रजा वाढवून घेतली. तिच्या पोस्टात दिवसभर माणसांची गर्दी, लष्करातल्या जवानांच्या बायका, पेन्शनर म्हातारे, कुणी खोकतंय, कुणी शिंकतंय. वर बसचा प्रवास. एकाच किडनीवर सगळा भार. मी स्वयंपाकातलं मीठ मोजून घालतो. पाण्याच्या बाटलीवर रेघा मारून वेळा लिहिल्यात. रक्तदाब सकाळ-संध्याकाळ. तक्ता केलाय, फ्रिजवर लावलाय.

"कॅम्पातल्या बायका खोळंबल्या असतील," ती म्हणाली.

"दुसरं कुणी बसत असेलच की काउंटरवर."

"हो. बसतच असेल."

पुन्हा विषय काढला नाही. समजूतदार आहे.

सोमवार, २८ एप्रिल

तीन महिन्यांचा स्कॅन स्वच्छ! मी हॉस्पिटलच्या जिन्यातच आभाला फोन केला. येताना पेढे घेतले.

काल दिवसभर तिला तीनदा उलटी झाली होती. आज मशीनमध्ये जाताना तिने तिथल्या आयाबाईचा हात सोडलाच नाही म्हणे. उन्हाळा बाधलाय, पोट बिघडलंय तिचं.

"आता फाइल बंद," मी म्हटलं.

"बंद झाली?"

"बंद."

घरी आल्यावर कपडेही न बदलता आडवी झाली ती संध्याकाळपर्यंत.

बुधवार, ३० एप्रिल

मोठं काम मार्गी लावलं. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज. मीच मसुदा केला, टाइप करून आणला. प्रकृतीच्या कारणास्तव वगैरे. नियमाप्रमाणे तीन महिन्यांची नोटीस, म्हणजे ३१ जुलैला मोकळी. अनसूयाने वाचून सही केली. सही करताना विचारलं, "तारीख कुठे घालायची?" मी बोट दाखवलं.

अठ्ठावीस वर्षं झाली की. आता आराम.

मात्र पेन खाली ठेवताना टोपण लावलं नाही तिने. तिला कधीच चालत नाही तसं. लिहून ठेवतो, का ते माहीत नाही.

मंगळवार, २७ मे

घरात पुन्हा रस घ्यायला लागलीय! खूप दिवसांनी बरं वाटलं बघून. डब्यांवर कागद चिकटवून नावं लिहिली: धने, नाचणी, उपासाचे. मला विचारलं, गॅसचा नंबर कुठे लावायचा माहितेय का, नव्हता माहीत, दाखवला. आभाच्या लहानपणीचे फोटो वेगळ्या पाकिटात घालून वर तिचं नाव टाकलं. कपाट आवरून चांगल्या सात-आठ साड्या लताबाईंना दिल्या. लताबाई आमच्याकडे धुणीभांडी करतात, बारा वर्षं झाली. त्या घेईनात. अनसूयानेच जबरदस्तीने पिशवीत भरून दिल्या.

अलीकडे देवाधर्माचंही मनात आलंय. दोनदा एकटी नवश्या गणपतीला जाऊन आली. मी सोबत येतो म्हटलं तर नको म्हणाली.

रविवार, ८ जून

लताबाईंनी आज जिन्यात गाठलं. "साहेब, रागावू नका. पण ताई दुपारच्याला न्हाणीत जात्यात, नळ सोडून बसत्यात. लय वेळ. बादली भरून वाहून जाती तरी बंद नाय करत. मी दार वाजवलं तर म्हणत्यात, येते."

मी म्हटलं, उकाडा आहे, अंघोळ करत असतील.

"कोरड्याच भाईर येत्यात, साहेब."

पाणी वाया जातं ते खरं. तिला सांगायला हवं.

गुरुवार, १९ जून

रक्ताचा रिपोर्ट घ्यायला एकटाच हॉस्पिटलला गेलो. किडनीचं काम उत्तम. तिथे एका टेबलावर काउन्सेलर मुलगी बसते, माहेनूर शेख. तिच्या मदतनिसाने माझ्या हातात एक फॉर्म दिला. वर मोठ्या अक्षरांत 'कॅन्सर रुग्णांचे मानसिक स्वास्थ्य व जीवनमान'. म्हणाला, पेशंटने स्वतः घरी भरायचा, पुढच्या वेळी आणून द्यायचा.

असला मथळा असलेला कागद मी घरी कसा नेणार? तिथेच बाकावर बसून भरून टाकला.

थकवा जाणवतो का? थोडासा. झोप लागते का? हो. पुढे काय होईल याची भीती वाटते का? तिला माहीतच नाही तर भीती कशी वाटेल! अजिबात नाही. आपण इतरांवर ओझं आहोत असं वाटतं का? अजिबात नाही. आपण नसतो तर बरं, असं वाटतं का? हा असला प्रश्न विचारतात का आजारी माणसाला! अजिबात नाही. आजाराबद्दल मोकळेपणी बोलता येईल असं कुणी आहे का? होय. कोण? पती.

खाली लिहिलं, 'अनसूयाच्या वतीने', आणि सही केली.

गुरुवार, ३ जुलै

लिहिणं अवघड आहे. तरी लिहितो. आता जे झालं ते जसंच्या तसं लिहायला हवं.

अकरा वाजता ती देवळात जाते म्हणून निघाली. सव्वाबाराला फोन आला.

"काका, मी माहेनूर बोलतेय, हॉस्पिटलमधून. काकू माझ्याशेजारी बसल्यात. त्यांना विचारूनच फोन करतेय. तुम्ही आत्ता येऊ शकाल का?"

"काय झालं? पडली का? हॉस्पिटलला कशी आली?"

"पडल्या नाहीत. सुखरूप आहेत. पण आज त्यांना एकटं घरी पाठवायला माझं मन धजत नाही. या तुम्ही."

जेल रोडवरून मी कसा गेलो ते आठवत नाही. एका सिग्नलला मागचे सगळे हॉर्न वाजवत होते. तो हिरवा होऊन पुन्हा लाल झाला होता.

छोटी खोली. दोन खुर्च्या, टेबल, टेबलावर पाण्याचा जग. अनसूया खिडकीशी बसली होती. डोळे सुजलेले. माझ्याकडे बघून तिने पदर नीट केला, कुणी परका आल्यासारखा.

माहेनूर म्हणाली, "काका, एकाच पेशंटचे दोन फॉर्म आले माझ्याकडे. एक तुम्ही भरलेला. एक काकूंनी, गेल्या आठवड्यात, इथेच बसून. त्या मे महिन्यापासून येतायत, ही चौथी वेळ. त्यांच्या फॉर्ममध्ये काय आहे ते मी सांगणार नाही. काकूंना दाखवायचा असेल तर त्या दाखवतील."

अनसूयाने टेबलावरचा कागद माझ्याकडे सरकवला.

तेच प्रश्न. तिचं पोस्टातलं बारीक, सरळ अक्षर. भीती: सतत. झोप: नाही. ओझं: सतत. आपण नसतो तर बरं: बरेचदा. आजाराबद्दल मोकळेपणी बोलता येईल असं कुणी: नाही.

'नाही'च्या पुढे कंसात लिहिलं होतं, 'मला माहीत आहे हे पतीला माहीत नाही. त्यांना सहन होणार नाही.'

मी ते तीनदा वाचलं. 'बरेचदा' हा शब्द तिने अगदी व्यवस्थित रकान्यात बसवला होता.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"पहिल्याच शनिवारी. तुम्ही खाली फाइल करायला गेलात तेव्हा. आत गेले, डॉक्टरांना म्हटलं, कॅन्सर आहे का? ते हो म्हणाले."

"मग मला का नाही बोललीस?"

"तुम्ही गाडीत म्हणालात, साधी गाठ. तुमचे हात स्टिअरिंगवर थरथरत होते. मला वाटलं, या माणसाला हे हवंय. राहू दे."

"मी तुझ्यासाठी करत होतो, अनू. तुझी आई—"

"आईला भीती वाटली की ती माझा हात धरायची. मी धरू द्यायचे. आम्ही बोलायचो हो, मरणाबद्दलसुद्धा. हसायचोही. मला भीती वाटली की मी काय करते माहितेय? न्हाणीत जाऊन नळ सोडते. रडलेलं तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून."

मी काहीतरी म्हणालो. बहुतेक, "लताबाई म्हणाल्या होत्या," असं.

"बघा. लताबाईंना कळलं."

माहेनूर उठून बाहेर गेली. दार अर्धवट उघडं ठेवलं तिने.

अनसूया बोलत राहिली. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त लागत होतं. "मरायचं आहे म्हणून नाही हो. ते होईल तेव्हा होईल. पण मी अजून आहे, आणि मला कुणी काही विचारत नाही. पाणी कधी प्यायचं ते बाटलीवर लिहिलेलं. नोकरी सोडायची ते टाइप करून आलं. मी आजारी आहे की बरी झाले, तेही तुम्हीच ठरवलंत. फाइल बंद म्हणालात. कुशीवर वळले की टाक्यांचा व्रण ओढतो, पाठीत जरा दुखलं की मला वाटतं आलं परत, आणि तुम्ही पेढे वाटताय. मग वाटायला लागलं, तसंही आपल्यावाचून काही अडत नाही घरात. आवरून घ्यावं."

"आवरून म्हणजे?"

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "तुम्हाला धने कुठले नि जिरे कुठले कळत नाही. नंतर शोधत बसला असता."

ते डबे. त्या साड्या. फोटोंचं पाकीट. आणि मी इथे, याच डायरीत, काय लिहिलंय? उद्गारचिन्ह टाकून लिहिलंय.

मला रडू आलं नाही. नुसता श्वास घेता येईना. टेबलाची कड धरून वाकलो तर तिनेच जगमधलं पाणी ओतून ग्लास माझ्यापुढे धरला. मग तो तसाच हातात ठेवून तीच रडायला लागली, नळ न सोडता, दार उघडं असताना. बाहेर बाकावर माणसं बसली होती. तिला फिकीर नव्हती.

शुक्रवार, ४ जुलै

काल तिथल्याच मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांना भेटून आलो. त्यांनी गोळ्या दिल्यात. दोन आठवडे तिने एकटं राहायचं नाही, आणि विचार आले की लगेच सांगायचं. कुणाला सांगायचं ते तिने ठरवायचं. मी श्वास रोखून बघत होतो. तिने माहेनूरचं नाव सांगितलं, मग आभाचं. थोड्या वेळाने माझं.

तिसरा नंबर. गैर नाही.

आभा दुपारी आली. आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली. "मी बोलायला हवं होतं," एवढंच दोनतीनदा म्हणाली. मी डिकीतून रिपोर्ट काढून आणला. अनसूयाने चष्मा लावून पहिल्यापासून वाचला आणि दोन शब्दांचे अर्थ मला विचारले. त्यातला एक मलाच माहीत नव्हता. पाच महिने जपून ठेवला आणि नीट वाचलासुद्धा नव्हता.

सोमवार, ७ जुलै

स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज मुदतीच्या आत मागे घेता येतो. तिनेच पोस्टातल्या साहेबांना फोन करून विचारलं.

"मसुदा करून देऊ?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"नको."

गॅलरीत बसून तिने हाताने लिहिला. चार ओळी. मला वाचायला दिला नाही. कॅम्पला जाऊन तिने तो स्वतः दिला, मी गाडीत थांबलो. येताना म्हणाली, "साहेब म्हणाले, तब्येत बरी का? मी म्हटलं, कधी बरी, कधी नाही." आणि खूप दिवसांनी तोंडभर हसली. मला भीती वाटली. तिचं हसू आता मी ताडून बघतो, खरं की शेजाऱ्यांसाठीचं. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "विचारत जा."

बुधवार, ३० जुलै

सोमवारच्या स्कॅनचा रिपोर्ट आला. उजव्या फुप्फुसात सहा मिलिमीटरचा ठिपका.

यावेळी डॉ. केंगे तिच्याशी बोलत होते, मी बाजूच्या खुर्चीत. ठिपका कॅन्सरचा असू शकेल, जुन्या कुठल्या संसर्गाचा असू शकेल. एवढ्या लहानाचा तुकडा काढून तपासता येत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं. वाढला तर आता औषधं आहेत, पूर्वीसारखं नाही.

"आणि नाही वाढला तर?" तिने विचारलं.

"तर पुन्हा तीन महिन्यांनी."

"म्हणजे हे असंच चालणार."

"हो."

जिन्याच्या मधल्या वळणावर ती पायरीवर बसली. मीही बसलो. वर-खाली जाणारी माणसं आम्हाला वळसा घालून जात होती.

"मला फार भीती वाटतेय," ती म्हणाली.

काही होणार नाही, हे वाक्य माझ्या ओठांवर तयार होतं. चौतीस वर्षांत मी एकही भाग न मोजता पास केला नाही, आणि हे वाक्य मात्र सहा महिने न मोजता देत आलो.

"मलाही," मी म्हणालो.

तिने माझा हात घेतला. तिचा गार होता, माझा घामाने ओला. असे किती वेळ बसलो, माहीत नाही. मग तिने आभाला फोन लावला. "बसली आहेस का? बस आधी. ऐक. चांगलंही नाही, वाईटही नाही." पुढचं सगळं तिने तिच्या शब्दांत सांगितलं. एका ठिकाणी मिलिमीटरऐवजी सेंटिमीटर म्हणाली, तेवढं मात्र मी सांगितलं.

"परवा ऑफिसला रुजू व्हायचंय," फोन ठेवून म्हणाली.

"या परिस्थितीत?"

माझ्याकडे बघितलं तिने. मी पुढे बोललो नाही.

शुक्रवार, १ ऑगस्ट

ती बसने गेली. मी सोडतो म्हटलं तर म्हणाली, "संध्याकाळी दमले तर फोन करीन."

साडेअकरापर्यंत घरात येरझारा घातल्या. मग राहवेना, गाडी काढली. लग्नानंतर इतकी वर्षं झाली, पण कॅम्पच्या पोस्टात मी कधी आत गेलो नव्हतो. बाहेरूनच हॉर्न वाजवायचो.

तिच्या खिडकीसमोर सतरा-अठरा माणसांची लाइन होती. मी शेवटी उभा राहिलो. शेजारची खिडकी जवळजवळ मोकळी होती, तिकडे कुणी जात नव्हतं. माझ्या पुढे चार-पाच जणांवर एक म्हातारी होती, नवसाबाई नावाची. तिला सगळे नावाने ओळखत होते. तिचा नंबर आला तसा तिने खिडकीत डोकंच घातलं.

"मॅडम! कुठं गेलत्या इतके दिवस? मला तर वाटलं बदली झाली. तो पोरगा नुसता अंगठा लाव, अंगठा लाव करायचा, आमचं कवा ऐकून घेतलं नाय त्यानं."

"आजारी होते, नवसाबाई," काउंटरच्या आतून अनसूयाचा आवाज आला, स्पष्ट, मागेपर्यंत ऐकू येईल असा. "कॅन्सर झालाय मला. एक किडनी काढली. आता फुप्फुसात काहीतरी दिसतंय, ते बघतायत. पासबुक द्या."

लाइन गप्प झाली. हा शब्द मी सहा महिने स्टेपनीखाली दाबून ठेवला होता, आणि तो इथे रबरी शिक्क्यांच्या आवाजात सगळ्यांसमोर पडला. मी डोळे मिटून घेतले. वाटलं, आता कुणीतरी हळहळेल, कुणीतरी मागे सरकेल.

"माझ्या सुनंला झालाय, छातीचा," नवसाबाई म्हणाली. "घरात कुणी नाव काढू देत नाय. पोर कोपऱ्यात बसून ऱ्हाती. मॅडम, तुमी बोलाल का तिच्याशी?"

"सोमवारी घेऊन या. दुपारी दीडला, डब्याच्या वेळेला. अंगठा लावा इथे. नीट दाबून."

लाइन पुढे सरकत राहिली. एक-दोघांनी तिची विचारपूस केली, तिने जेवढ्यास तेवढं उत्तर दिलं. मधेच ती थांबली, पाठीला हात लावून जरा टेकून बसली, पाणी प्यायली. माझ्या लक्षात आलं की बाटली वेगळी आहे, साधी, रेघा नसलेली. मग ती पुन्हा कामाला लागली. दमलेली दिसत होती. चेहरा फिका होता, आणि ती त्यात कुठेही नाटक करत नव्हती.

माझा नंबर आला. तिने मान वर केली. तिला आश्चर्य वाटलं की राग आला, मला कळलं नाही.

"काय काम आहे?"

काहीच काम नव्हतं. खिशात हात घातला, गाडीची किल्ली लागली.

"तुला बघायला आलो होतो," मी म्हणालो.

"बघितलंत?"

"हो."

"मग मागे लाइन आहे."

मी बाजूला झालो.